स्टोमाची पिशवी: शस्त्रक्रियेपूर्वीची तयारी आणि सोलापूरच्या उन्हाळ्यातील काळजी

आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर पोटावर स्टोमा (मल बाहेर पडण्यासाठी पोटावर काढलेले आतड्याचे तोंड) येणार असे ठरले, की घरातील सगळी चर्चा पिशवीभोवती फिरू लागते; पण पुढचा बराच त्रास टळतो तो शस्त्रक्रियेपूर्वी स्टोमाच्या जागेसाठी पोटावर पेनाने केलेल्या खुणेमुळे. ही खूण केवळ निजलेल्या अवस्थेत करून घेऊ नये. उभे राहून, वाकून आणि जेवायला बसतो तशी मांडी घालून दाखवावे, म्हणजे पोटाला वळ्या कोठे पडतात आणि परकराची नाडी किंवा पट्टा कोठे येतो, हे डॉक्टरांना कळते. खूण स्वतःला दिसते का, हेही पाहावे, कारण न दिसणाऱ्या जागेवरची पिशवी बदलताना दर वेळी दुसऱ्याचा हात लागतो.

स्टोमा लाल व ओलसर असतो, त्याला स्पर्शाने दुखत नाही आणि पुसताना रक्ताचा एखादा थेंब आला तर घाबरू नये. तो काळपट पडला तर मात्र लगेच रुग्णालय गाठावे. पहिले 6 ते 8 आठवडे सूज उतरून त्याचा आकार घटत जातो, म्हणून त्या काळात दर वेळी माप घेऊन प्लेटचे (पिशवी त्वचेला चिकटवणाऱ्या चकतीचे) छिद्र त्याच्यापेक्षा 2-3 मिलिमीटरच मोठे कापावे. त्वचा साध्या पाण्याने धुऊन कोरडी करावी. खोबरेल तेल लावू नये, त्यावर प्लेट चिकटत नाही. पिशवी निम्मी भरण्याच्या आतच रिकामी करावी.

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांच्या वर जातो. घामामुळे प्लेट लवकर सुटते, तेव्हा ती एरवीपेक्षा लवकर बदलावी आणि जादा साहित्य उन्हात तापणाऱ्या गाडीच्या डिकीत ठेवू नये. इलिओस्टोमी (लहान आतड्याचा स्टोमा) असलेल्यांना खरा धोका वेगळाच आहे. पाणी व क्षार शोषून घेणारे मोठे आतडे त्यांच्या बाबतीत वगळलेले असल्याने, तहान लागली म्हणून नुसते पाणी पीत राहिल्यास शरीरातील मीठ आणखी कमी होऊ शकते. ओआरएस किती घ्यावे, हे घरी जाण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे, विशेषतः हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर. लघवी कमी व गडद होणे, पायांत गोळे येणे आणि चक्कर येणे ही लक्षणे अंगावर काढू नयेत. पोट साफ होण्यासाठीचे रेचक तर मुळीच घेऊ नये.

आहाराबाबत सुरुवातीचे काही आठवडे मऊ भातावर काढणे बरे. त्यानंतरही इलिओस्टोमी असल्यास शेंगदाणे, मका आणि हिवाळ्यातील हुरडा आतड्यात अडकू शकतो. कडक भाकरी आमटीत पूर्ण भिजवून, नीट चावून खाल्ल्यास सहसा पचते. पोटात कळा, उलटी आणि पिशवी कोरडी अशी स्थिती झाल्यास थांबू नये. कोलोस्टोमीला (मोठ्या आतड्याच्या स्टोमाला) इतकी बंधने नसतात, मात्र वायू व वास वाढवणारे पदार्थ ज्याचे त्याने ओळखावेत.

यंत्रमागावरचे भीम (सूत गुंडाळलेले जड रूळ) उचलण्यासारखी जड कामे डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय सुरू करू नयेत, अन्यथा स्टोमाशेजारी हर्निया होऊ शकतो. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) गर्दीत किंवा रेल्वेप्रवासात जाताना आधीच कापलेली प्लेट, पिशवी, पाण्याची बाटली, मऊ कापड आणि कचऱ्यासाठी अपारदर्शक पिशवी हाताशी ठेवावी.