ईमॅक्समधला बग कळवण्याआधी

ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये काही बिघडलं, तर आधी तो ‘ईमॅक्स -क्यू’ (emacs -Q, मोठा Q) असं चालू करून पाहा. यात तुमची इनिट फाइल (सुरू होताना वाचली जाणारी तुमच्या सेटिंगची फाइल) आणि पॅकेजेस लोड होत नाहीत. बग गायब झाला, तर दोष बहुधा तुमच्याच सेटिंगमध्ये. मग इनिट फाइलचा अर्धा भाग कॉमेंट करून (म्हणजे तात्पुरता बंद ठेवून) तपासा, मग उरलेल्याचा अर्धा; हजार ओळींतली दोषी ओळ साधारण 10 फेऱ्यांत सापडते.

बग तरीही दिसला, तर ‘एम-एक्स रिपोर्ट-ईमॅक्स-बग’ (M-x report-emacs-bug; M-x म्हणजे बहुधा Alt धरून x) ही कमांड वापरा. आवृत्ती आणि बिल्डची माहिती त्यात आपोआप भरली जाते. कोणत्या कळा दाबल्या, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, हे तुम्ही लिहा. नुसतं ‘चालत नाही’ कुणाच्याच कामाचं नाही. मॅन्युअलमधली चूक असेल, तर इन्फो नोडचं (मॅन्युअलमधल्या त्या पानाचं) नाव आणि सुधारलेलं वाक्यच पाठवा.