ऑटोमॅटिक गाडीत मीटरवर गिअर चुकीचा दिसतोय किंवा दिसतच नाहीये? मीटर बदलायच्या आधी हे बघा

मागच्या पावसाळ्यात एका सकाळी चावी फिरवली तर माझ्या जुन्या ऑटोमॅटिकच्या मीटरवर पी (पार्किंग), आर (रिव्हर्स), एन (न्यूट्रल), डी (ड्राइव्ह) काहीच नाही आणि स्टार्टरही मुका. गिअरचा लिव्हर तर पी मध्येच होता. वैतागून एन मध्ये टाकला, तर एका झटक्यात चालू! गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच सांगून टाकलं, मीटर गेलं, बदलावं लागेल. आता मीटर गेलं असतं तर स्टार्टर कशाला अडला असता, हे काय माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून मग स्वतःच शोधाशोध केली.

आधी हे कसं चालतं ते समजून घ्या, कारण त्यातच अर्धं काम होतं. तुम्ही लिव्हर हलवता, लिव्हर एक केबल ओढतो, केबल गिअरबॉक्सवरची छोटी पट्टी फिरवते आणि त्या पट्टीच्या शाफ्टवरच एक स्विच बसवलेला असतो. त्याला इनहिबिटर स्विच म्हणतात, काही जण न्यूट्रल स्विच म्हणतात. बहुतेक जुन्या गाड्यांत मीटरवरचं अक्षर या स्विचवरून येतं, लिव्हरवरून नाही. हाच स्विच फक्त पी आणि एन मध्ये स्टार्टरला परवानगी देतो, रिव्हर्स लाईट लावतो, आणि गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला कुठला गिअर मागितलाय ते कळवतो. एक स्विच, चार कामं. म्हणून फक्त अक्षराकडे बघत बसू नका, बाकीची तीन कामं होतायत का ते बघा.

(एएमटीवाल्यांनो, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच पण क्लच-गिअर आपोआप चालणाऱ्या गाडीवाल्यांनो, हे तुमच्यासाठी नाही. तुमच्या गाडीत पी नसतो आणि सगळी रचनाच वेगळी असते.)

सुरुवात करायच्या आधी गाडी सपाट जागेवर लावा, हँडब्रेक पूर्ण ओढा, चाकांना विटा लावा. अक्षर पी दाखवतंय म्हणजे गाडी खरंच पी मध्ये आहे असं अजिबात धरून चालू नका, आपण त्याच भानगडीचा तर शोध घेतोय.

स्टेप १, नुसतं निरीक्षण. इंजिन बंद, चावी ऑनवर, पाय ब्रेकवर, आणि लिव्हर पी पासून खालपर्यंत एकेक घर हळूहळू न्या. एकच अक्षर लागत नाही आणि बाकी सगळं ठीक, तर बऱ्याचदा त्या अक्षराचा बल्ब गेलेला असतो. जुन्या मीटरमध्ये प्रत्येक अक्षरामागे वेगळा छोटा बल्ब असतो, शेजारचा काढून तिथे लावून बघा, लगेच कळतं. सगळीच अक्षरं गायब असतील तर फ्यूज, किंवा स्विचचा कपलर (वायरींचा प्लग). आणि लिव्हर पी मध्ये असताना आर दिसतंय, किंवा दोन अक्षरं एकदम लागतायत, किंवा लिव्हर किंचित पुढेमागे दाबून धरला की अक्षर येतं आणि सोडला की जातं, तर केबल सैल आहे किंवा स्विच जागेवरून सरकलाय.

एक गोष्ट मात्र वेगळी. अक्षर बरोबर आहे पण डी लुकलुकतोय, तर तो अक्षर दाखवण्यातला बिघाड नाहीये. जुन्या होंडांमध्ये डी लुकलुकणं आणि जुन्या टोयोटांमध्ये ओ/डी (ओव्हरड्राइव्ह) ऑफचा दिवा लुकलुकणं म्हणजे गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर फॉल्ट सांगतोय. तेव्हा आधी गॅरेजमध्ये स्कॅनर (कॉम्प्युटरमधले फॉल्ट कोड वाचणारं यंत्र) लावून घ्या. कोड पी०७०५ किंवा पी०७०६ आला तर संशय परत याच स्विचवर आणि त्याच्या वायरिंगवर, म्हणजे पुढचं वाचा. दुसरा कोड असेल तर प्रकरण वेगळं.

स्टेप २, फ्यूज. झाकणावरच्या नकाशात मीटरचा आणि रिव्हर्स लाईटचा फ्यूज शोधा, काढून उजेडात बघा. गेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा लावा, तार किंवा चांदीचा कागद गुंडाळू नका प्लीज. नवा लगेच उडाला तर कुठेतरी वायर घासून शॉर्ट होतेय.

स्टेप ३, केबल. छोट्या गाड्यांत गिअरबॉक्स बहुधा बॅटरी आणि एअर फिल्टरच्या डब्याखाली असतो, डबा काढला की ती पट्टी दिसते. इंजिन बंद ठेवून घरातल्या कोणाला तरी आत बसवा, लिव्हर हलवायला सांगा आणि तुम्ही पट्टी बघा. लिव्हर हलला आणि पट्टी जरा उशिरा किंवा कमी हलली, तर केबलच्या टोकाचा प्लास्टिकचा बुश फुटलाय. उन्हाने आणि इंजिनच्या उष्णतेने तो वाळून तुकडे पडतात. ही गोष्ट टाळू नका, कारण इथे अक्षर खरं बोलतं आणि लिव्हर खोटं, म्हणजे तुम्ही पी मध्ये टाकून उतरलात आणि गाडी उतारावरून निघाली असं होऊ शकतं.

स्टेप ४, स्विच. माझं घोडं इथेच अडलं होतं. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, मग स्विचचा कपलर. पिनांवर हिरवट थर असेल तर पाणी गेलंय. कोकणात आणि मुंबईच्या दमट हवेत हे ठरलेलंच. वायर उंदरांनी कुरतडलीय का तेही बघा, बिल्डिंगखाली गाडी लावणाऱ्यांनी तर आधी हेच बघावं. पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा, वाळू द्या. मग मल्टिमीटर बीपवर लावा (दोन टोकं आतून जोडलेली असली की तो वाजतो). गाडीचा वायरिंग डायग्राम मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर दोन-दोन पिना तपासत जा. एक जोडी फक्त पी आणि एन मध्ये बीप द्यायला हवी, ती स्टार्टरची. एक जोडी फक्त आर मध्ये, ती रिव्हर्स लाईटची. माझ्या स्विचमध्ये एन ला स्पष्ट बीप आणि पी ला गप्प, संपला विषय. आतलं ग्रीस वाळून काळं दगड झालं होतं.

नवा बसवताना जुन्याची जागा आधी मार्करने आखून ठेवा. लिव्हर एन मध्ये, दोन बोल्ट सैल, स्विच आणि पट्टीवरची खूण किंवा भोक एका रेषेत (काही गाड्यांत त्या भोकात छोटी पिन घालतात), मग बोल्ट हलक्या हाताने. खाली अ‍ॅल्युमिनियम आहे, जोर लावलात तर आटे गेले. बऱ्याचदा स्विच चांगलाच असतो, नुसता असा सेट केला की काम होतं.

हमखास भेटणारा एक सल्ला म्हणजे "स्टार्टरच्या दोन वायरी डायरेक्ट जोडून टाकू, पी-एन ची कटकटच नाही". करू नका. मग गाडी डी मध्येही चालू होते आणि समोर जे असेल त्याच्यावर जाते.

शेवटी बॅटरी जोडून टेस्ट. समोर-मागे कोणी नाही बघून, ब्रेक जोरात दाबून, प्रत्येक घरात चावी फिरवा. फक्त पी आणि एन मध्ये स्टार्टर फिरला पाहिजे, रिव्हर्स लाईट फक्त आर मध्ये.

हे सगळं बरोबर येऊनही मीटर गप्प असेल तरच मीटरवर संशय घ्या, आणि तेव्हाही आधी मीटर रिपेअरवाल्याकडे न्या, कारण जुन्या मीटरच्या बोर्डवर सोल्डर सुटणं नेहमीचं आहे आणि ते परत मारून मिळतं. सेकंड हँड मीटर घेतलंत तर त्याच्यासोबत दुसऱ्याच गाडीचे किलोमीटर येतात, मग गाडी विकताना ते समजावत बसा.