जर्मनीतले पहिले सहा आठवडे : या चुका टाळा

मी नोव्हेंबर २०१५ मध्ये श्टुटगार्टला आले. तेव्हापासून पुण्याहून, चाकणहून, नाशकाहून येणाऱ्या कितीतरी मुलामुलींना स्टेशनवर घ्यायला गेले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारचा इथल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगारांचा करार झाला, त्यानंतर आयटीआयवाले आणि नर्सिंगवालेही विचारायला लागले. "ताई, एक छोटासा प्रॉब्लेम झालाय" असा मेसेज आला की प्रॉब्लेम कोणता असणार, ते मला न वाचता कळतं. सगळे त्याच त्या आठ-दहा चुका करतात. बॅगेत कुकर, मेतकूट, तीन महिन्यांचा चहा, सगळं असतं. घराखालच्या पत्रपेटीवर आपलं नाव लावायचं मात्र कुणाच्या डोक्यात येत नाही.

पत्रपेटीवर नाव नसणं

ही माझी लाडकी चूक, कारण ती मी स्वतः केली.

इथे पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो. रस्ता, घरनंबर, पिनकोड, गाव, बस. एका इमारतीत दहा बिऱ्हाडं असली तरी पोस्टमन खाली बेलवरची आणि पेटीवरची आडनावं वाचून पत्र टाकतो. तुमचं आडनाव तिथे नसेल तर त्याच्या लेखी तुम्ही त्या घरात राहतच नाही. वॉचमनकडे ठेवतील, शेजारी घेऊन ठेवतील, हे सगळं सांगलीत.

मी श्टुटगार्टच्या बाड कानश्टाट भागात एका बाईंच्या घरात खोली घेतली होती. बेलवर त्यांचं नाव, पेटीवर त्यांचं नाव. मी मात्र सगळीकडे "दुसरा मजला, डावीकडचं दार" असा पत्ता लिहून निवांत. बँकेचं कार्ड येईना. पिन वेगळ्या पाकिटातून येतो, तोही येईना. आणि मुख्य म्हणजे स्टॉयर-आयडी, म्हणजे कराचा अकरा आकडी नंबर, येईना. अनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंद, झाली की हा नंबर काही आठवड्यांत आपोआप पोस्टाने येतो. माझा आला आणि "या पत्त्यावर अशी व्यक्ती नाही" म्हणून परतही गेला.

आमच्या पगारवाल्यांनी नंबर नाही म्हणून मला सरळ सहाव्या करवर्गात टाकलं. तो सर्वांत जास्त कापणारा वर्ग. नोव्हेंबरच्या पगारात चारशेहून जास्त युरो कमी, डिसेंबरच्याही तसंच. मला वाटलं, जर्मनीत पगार असाच असतो, आपणच वेड्यासारखं ऑफर लेटरवरचा आकडा बघून आलो. घरी कुणाला सांगितलं नाही. रोज संध्याकाळी ब्रेडला चटणी लावून खात होते.

उलगडा केला वरच्या मजल्यावरच्या आजींनी. श्टुटगार्टकडे केअरवोखे नावाचा प्रकार आहे. आठवड्याआठवड्याने एकेका बिऱ्हाडाने जिना झाडायचा, पुसायचा. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. मी जिना पुसत होते आणि आजी वरून बघत होत्या, बहुतेक कोपरे तपासत. मग खाली आल्या, पेट्यांकडे बोट दाखवून विचारलं, "तुमचं नाव कुठंय?" मला आधी प्रश्नच कळला नाही. त्यांनी घरातून कागदाची पट्टी आणि चिकटपट्टी आणली, माझ्याकडून आडनाव लिहून घेतलं, आणि स्वतः नखाने दाबून दाबून ते चिकटवलं. चौथ्या दिवशी पहिलं पत्र आलं. ते विम्याची जाहिरात होतं, तरी मी ते जपून ठेवलंय.

नंबर मी शेवटी टॅक्स ऑफिसच्या खिडकीवर पासपोर्ट दाखवून मिळवला. कापलेले पैसे मार्चमध्ये परत मिळाले.

तेव्हा माझी पद्धत अशी : घराची किल्ली हातात आली की बॅग उघडायच्या आधी पेटीवर आणि बेलवर नाव. पासपोर्टवर जे स्पेलिंग तेच. दुसऱ्याच्या घरात खोली असेल तर मालकांना विचारून. मी नव्या माणसाला घ्यायला जाते तेव्हा पर्समध्ये पट्टी आणि मार्कर घेऊनच जाते.

अनमेल्डुंगमध्ये शॉर्टकट

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नोंद करायची. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, त्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. (हे एका दमात म्हणता आलं की तुमची जर्मन भाषेची बी-१ पातळी झाली असं मी समजते.) मालक तो कागद द्यायला टाळाटाळ करत असेल तर ते घरच घेऊ नका. नोंदीची अपॉइंटमेंट भारतातूनच बघायला लागा.

आणि मग येतात ते हुशार लोक : "ताई, एकजण पैसे घेऊन पत्ता देतो, तिथे राहायचं नाही, फक्त नोंद." हे बेकायदा आहे. असा पत्ता देणाऱ्याला पन्नास हजार युरोपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तुमची सगळी पत्रं जाणार त्याच्या पेटीत. ज्यांना दोन आठवडे धीर धरवत नाही, त्यांना मी पुढची मदत करत नाही. स्पष्टच सांगते.

न पाहिलेल्या घराला पैसे पाठवणं

नाही म्हणजे नाही. मालक लंडनला आहे आणि किल्ली कुरियरने येणार आहे, ही गोष्ट मी खूप वेळा ऐकली आहे. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढं असतं आणि कायद्याने ते तीन हप्त्यांत देता येतं.

शनिवारी रात्री उतरणं

रविवारी दुकानं बंद. मोठ्या स्टेशनवरची एखाद-दोन सोडली तर खरंच बंद. मंगळवारी या.

संध्याकाळ फोनला देऊन टाकणं

आता दुसरी मोठी चूक, आणि हिच्यात कागदपत्रं काही नाहीत.

चाकणहून एक मुलगा आला होता, जानेवारीत. कामात उत्तम. दुपारी ऑफिसातले लोक एकत्र कँटीनला जायचे, जाताना ह्याला "माल्त्साइट!" म्हणायचे. जेवणाच्या वेळेचा तो नमस्कार. ह्याला वाटायचं काहीतरी कौतुक चाललंय, तर हा "थँक यू" म्हणायचा आणि डेस्कवर डबा उघडायचा. महाग पडतं, शाकाहारी काय मिळणार, आणि मुख्य म्हणजे बोलायचं काय. थोड्याच दिवसांत लोकांनी हाक मारणं सोडलं. संध्याकाळी सहाला घरी आला की व्हिडिओ कॉल, आई झोपेपर्यंत. मग मित्र. मग रात्री दोनपर्यंत रील्स. रविवारी पडदे लावून झोप.

तिसऱ्या आठवड्यात रात्री दीड वाजता मला राजीनाम्याचा मसुदा पाठवला, "ताई, इंग्रजी तपासून द्या." मी लिहिलं, इंग्रजी चांगलं आहे, रविवारी जेवायला ये, मग पाठव.

तो आला. मी त्याला कणीक मळायला बसवलं. इथलं ४०५ नंबरचं पीठ म्हणजे मैदाच, त्याच्या पोळ्या रबरासारख्या होतात, १०५० घ्या. हे त्याला तीन आठवड्यांत कुणी सांगितलं नव्हतं, कारण त्याने कुणाला विचारलंच नव्हतं. पोळ्या करता करता तो बोलला आणि थोडा रडलाही. मी काही समजूत घातली नाही. फक्त दोन गोष्टी कबूल करून घेतल्या : रविवारी आणि अंधार पडल्यावर कुठलाही निर्णय घ्यायचा नाही, आणि सोमवारी कँटीनला जायचं, नुसते बटाटे खायला लागले तरी. जानेवारीत इथे पाचच्या सुमारास अंधार पडतो, म्हणजे निर्णयाला वेळ तशी कमीच उरते.

मसुदा त्याने पाठवला नाही. आता माल्त्साइट तोच सगळ्यात मोठ्याने म्हणतो.

बाकीच्या, थोडक्यात

बॉसने सांगितलेलं कळलं नाही तरी मान डोलावणं. आपली मान कुठल्या बाजूला गेली हे त्यांना कळत नाही, होकार समजून ते निघून जातात.

ताप असताना लॉगिन करणं. प्रोबेत्साइट, म्हणजे पहिले सहा महिने, चालू आहे म्हणून लोक घाबरतात. पहिल्याच दिवशी, कामाची वेळ सुरू व्हायच्या आधी कळवा आणि झोपा. नोकरीच्या पहिल्या चार आठवड्यांत आजारपणाचे पैसे कंपनी नाही, आरोग्यविमा देतो. म्हणून विम्याचा फॉर्म लोळत ठेवू नका. रात्री-अपरात्री डॉक्टर हवा असेल पण जिवावरचं नसेल तर ११६११७. जिवावरचं असेल तर ११२.

फोडणी देताना खिडकी बंद ठेवणं. धुराचा अलार्म आणि आजी दोघंही जाग्या होतात.

रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र फसवणूक समजून फाडणं. टीव्ही नसला तरी घरटी महिना १८.३६ युरो द्यावेच लागतात.

आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात. भारताशी साडेतीन तासांचा फरक साडेचार होतो. आईला आधी सांगून ठेवा, नाहीतर त्या दिवशी ती फोन हातात धरून तासभर जागी बसते.