घरातल्या सात माणसांचा तक्ता

एफवायला मानसशास्त्र घेतलं आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मी घरातल्या सातही माणसांचे प्रकार ठरवून मोकळी झाले. बाबा तापट, आई काळजीखोर, काका अंतर्मुख, चुलतभाऊ बुद्धीने बेताचा, असा वहीच्या मागच्या पानावर रीतसर तक्ताच आखला. आजीने विचारलं, "माझ्यापुढं काय लिहिलंयस?" मी म्हटलं, "हट्टी." मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "कुणाशी?"

तो प्रश्न किती नेमका होता हे कळायला मला एम.ए.पर्यंत जावं लागलं. वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली अमेरिकेत जवळपास हाच मुद्दा मांडून व्यक्तिमत्त्वाच्या अभ्यासकांची झोप उडवली होती. माणसाचं वागणं प्रसंगागणिक एवढं बदलत असेल, तर स्वभाव म्हणायचं कशाला? ऑफिसात तोंड न उघडणारा माणूस विसर्जनाच्या मिरवणुकीत ताशापुढे दोन तास नाचतो. त्याला कुठल्या रकान्यात टाकणार? बरीच वर्षं वाद चालला आणि मग मधला रस्ता निघाला: एका प्रसंगावरून अंदाज बांधू नये, पण पुष्कळ प्रसंग एकत्र पाहिले तर प्रत्येकाची स्वतःची ठेवण दिसते.

हे मी यंदा अकरावीला किंवा बी.ए.ला हा विषय घेणाऱ्यांसाठी लिहितेय. व्यक्तिमत्त्व, बुद्धिमत्ता, भावना, विकास ही प्रकरणं सुरुवातीला सोपी वाटतात, कारण हे शब्द आपण रोज वापरतो. अवघड जातं ते यामुळेच. रसायनशास्त्राची मुलं 'मोल' या एककाबद्दल घरून काही ऐकून आलेली नसतात. आपण मात्र 'स्वभावाला औषध नाही' हे ऐकतच मोठे झालेलो असतो.

आमच्या सरांनी पहिल्या सत्रात एक गंमत केली. प्रत्येकाकडून हस्ताक्षराचा नमुना घेतला आणि आठवड्याने बंद पाकिटात ज्याचं त्याचं 'व्यक्तिमत्त्व वर्णन' दिलं. किती जुळतं, याला पाचपैकी गुण द्यायचे. मी पाच दिले. माझ्या मैत्रिणीनेही पाच दिले. मग सरांनी कागद शेजाऱ्याला द्यायला सांगितले. सगळ्यांचा मजकूर एकच! लोकांनी आपल्याला पसंत करावं असं वाटतं, स्वतःवर जरा जास्तच टीका करता, वरून शांत दिसता पण आतून धास्तावलेले असता, असला. मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांवर हाच प्रयोग केला होता. मजकूर ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलला होता, आणि विद्यार्थ्यांनी सरासरी चाराच्या वर गुण दिले होते. मोबाइलवर दहा प्रश्नांत तुमचा 'प्रकार' सांगणारी चाचणी दिसली, की मला अजून ते पाकीट आठवतं.

अभ्यासक्रमात पाच घटकांचा सिद्धान्त येईल: नव्या अनुभवांबद्दल खुलेपणा, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, इतरांशी जुळवून घेणं आणि भावनिक अस्थिरता. नावं पाठ होतात. लक्षात हे ठेवायचं, की हे पाच खोके नाहीत, पाच पट्ट्या आहेत. प्रत्येक माणूस पाचही पट्ट्यांवर कुठेतरी असतो आणि बहुतेक जण मधल्या भागात असतात. शिवाय वयाबरोबर माणसं थोडी सरकतातही. तरुणपणापेक्षा प्रौढपणी कर्तव्यदक्षता सरासरीने वाढलेली दिसते. म्हणजे स्वभावाला औषध नसेल, पण वय लागू पडतं.

या सिद्धान्ताचं मूळ शब्दकोशात आहे. ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी १९३६ साली इंग्रजी शब्दकोशातून माणसाचं वर्णन करणारे सुमारे १८,००० शब्द वेचले. पुढे अशाच शब्दांचे गट पाडत पाडत पाच पट्ट्या उरल्या. तुम्ही मराठीत शंभर वेचून पाहा. भिडस्त, खमक्या, चेंगट, हेकट, आतल्या गाठीचा. आता 'भिडस्त' कुठल्या पट्टीवर? थोडा अंतर्मुखतेकडे, थोडा जुळवून घेण्याकडे, आणि तरी काहीतरी उरतंच. परीक्षेत याला गुण नाहीत, पण एवढं केलंत तर सिद्धान्त डोक्यात बसतो.

बुद्धिमत्तेच्या प्रकरणावर मात्र वेळ घालवा. आपल्याकडे अभ्यासात मागे असलेल्या मुलाला 'ढ' म्हणतात. हे अक्षर ब्राह्मीपासून आजवर फारसं बदललं नाही, म्हणून न सुधारणारा तो ढ, अशी त्याची व्युत्पत्ती सांगतात. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने नेमके या समजुतीशी भांडले. पॅरिसमध्ये थिओडोर सिमोन यांच्याबरोबर त्यांनी १९०५ साली पहिली बुद्धिमापन श्रेणी केली, ती कुणावर शिक्का मारायला नव्हे, तर शाळेत कोणत्या मुलांना वेगळी मदत लागेल हे शोधायला. बुद्धी सरावाने वाढते असं त्यांचं म्हणणं होतं. ते १९११ साली गेले. त्यांचीच चाचणी पुढे अमेरिकेत बुद्धी जन्मजात आणि कायमची असल्याचा पुरावा म्हणून वापरली गेली. मला हा भाग वाचताना दर वेळी चीड येते.

बुद्ध्यांकाचं सूत्र पाठ करायला सोपं आहे: मानसिक वय भागिले प्रत्यक्ष वय, गुणिले १००. आठ वर्षांची मुलगी दहा वर्षांच्या मुलांची कामं करत असेल, तर १२५. पण चाळिशीच्या माणसाचं मानसिक वय काय काढणार? म्हणून वेक्सलर या मानसशास्त्रज्ञाने पद्धत बदलली. माणसाची तुलना त्याच्याच वयाच्या लोकांशी करायची. सरासरी १००, प्रमाण विचलन (म्हणजे गुण सरासरीच्या आजूबाजूला किती पसरलेत याचं माप) १५. त्यामुळे साधारण ६८ टक्के लोक ८५ ते ११५ मध्ये येतात. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, हे हमखास विचारतात, आणि प्रमाण विचलन न समजता उत्तर देणारा तिथेच पकडला जातो.

बिनेंची चाचणी मराठीत आणि कन्नडमध्ये आणली व्ही. व्ही. कामत यांनी, १९३०च्या दशकात. बिने-कामत म्हणून ती अजूनही अनेक दवाखान्यांत वापरतात. आमच्या प्रयोगशाळेत तिची झेरॉक्सची झेरॉक्स होती, चित्रं नुसती काळी. तशी चाचणी मी उत्साहाने त्या चुलतभावाला घरी दिली, आकडा काढला आणि काकूला सांगितला. तो तेव्हा नववीत होता. पुढची दोन वर्षं काकू येईल-जाईल त्याला तो आकडा सांगत होती. ज्यांच्याशी तुलना करायची ती चाचणीची प्रमाणकं किती जुनी, दिवाणखान्यात टीव्ही चालू, देणारी अठरा वर्षांची. तो आकडा कवडीमोलाचा होता. तुम्ही एवढं तरी करू नका. घरच्यांवर चाचण्या नाहीत, आणि निकाल तर मुळीच सांगायचा नाही.

भावनांचं प्रकरण त्या मानाने आपल्या भाषेत आधीच लिहिलेलं आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८४ साली म्हटलं, की आपण घाबरतो म्हणून छाती धडधडत नाही. छाती धडधडते, त्या जाणिवेलाच आपण भीती म्हणतो. मराठीत पोटात गोळा येतो, अंगावर काटा येतो, हातपाय गार पडतात, तोंडचं पाणी पळतं. पण नुसत्या धडधडीवरून भीती की आनंद हे कसं कळणार? शॅक्टर आणि सिंगर यांनी १९६२ साली त्यात दुसरा भाग घातला: शरीराच्या खळबळीला आपण प्रसंग पाहून नाव देतो. एक आठवडा नुसतं 'राग आला' न लिहिता वैताग, चीड, रुसवा, संताप यांतलं नेमकं काय, ते लिहून पाहा.

विकासाच्या प्रकरणासाठी पाच वर्षांचं मूल आणि ताक लागतं. मी भाचीसमोर दोन सारखे पेले सारखे भरले. मग तिच्या डोळ्यांदेखत एकातलं ताक उंच, अरुंद ग्लासात ओतलं. जास्त कशात? "उंच्यात!" बालविकासाचे अभ्यासक जाँ पियाजे यांच्या मते साधारण सात वर्षांपर्यंत मुलांना आकार बदलला तरी प्रमाण तेच राहतं हे उमगत नाही. पुस्तकात हे एवढ्यावर संपतं. पण पुढे मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी १९७४ साली वेगळी शक्कल लढवली: सारख्या सोंगट्यांच्या दोन रांगा मांडल्या आणि त्यातली एक मोठ्या माणसाने न विस्कटता एका खोडकर टेडीने विस्कटली, मग दोन्हींत सोंगट्या सारख्याच आहेत का असं विचारलं. तेव्हा बरीच जास्त मुलं बरोबर उत्तर देऊ लागली. मोठं माणूस मुद्दाम काहीतरी हलवून तोच प्रश्न पुन्हा विचारतं, म्हणजे आधीचं उत्तर चुकलं असणार, असं लहान मूल समजतं. शाळेत बाईंनी पुन्हा विचारलं की आपणही उत्तर बदलायचोच की!

करिअरचं थोडक्यात सांगते, कारण फोन त्यासाठीच येतात. नुसत्या बी.ए.वर समुपदेशक म्हणून पाटी लावू नका, किमान एम.ए. आणि देखरेखीखालचा सराव हवा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं असेल, तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि तिच्याकडे नोंदणी लागते. जुना एम.फिल.चा मार्ग बदलतो आहे, म्हणून प्रवेशाच्या वर्षी परिषदेची यादी स्वतः पाहा. क्लासवाल्याच्या तोंडी माहितीवर पैसे भरू नका. औषधं लिहून देतो तो मानसोपचारतज्ज्ञ, तो एमबीबीएसनंतर एम.डी. करून येतो. आणि संख्याशास्त्र टाळता येत नाही. आर्ट्सला आलो म्हणजे गणित सुटलं या आनंदात मी होते. सहसंबंधाने, म्हणजे दोन गोष्टी कितपत एकत्र बदलतात ते मोजणाऱ्या गणिताने, तो आनंद उतरवला. मराठी माध्यमातून येणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून एका वहीत मराठी आणि इंग्रजी संज्ञा शेजारी शेजारी लिहाव्यात. एम.ए.ला मला सगळ्यात जास्त त्या वहीने तारलं.

गेल्या मे महिन्यात भाची सुट्टीला आली होती. आता आठ वर्षांची आहे. मी पुन्हा उंच ग्लास काढला, ताक ओतलं आणि विचारलं, जास्त कशात? तिने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. "मावशी, तू मागच्या वेळीपण हेच विचारलं होतंस. तुला अजून कळलं नाही का?"