जर्मनीत घर शोधताना: एरिया नको, रेल्वेची लाइन धरा

चाकणहून किंवा हिंजवडीहून जर्मनीला बदली झाली की पहिला प्रश्न ठरलेला: ‘तिकडे चांगला एरिया कुठला?’ पुण्यात हा प्रश्न रास्त आहे. पैसे मोजायची तयारी असेल, तर हव्या त्या एरियात घर मिळतंच. म्युनिक, स्टुटगार्ट किंवा फ्रँकफर्टमध्ये तसं नसतं. सकाळी लागलेल्या जाहिरातीवर इतके अर्ज येतात की मालक दुपारी ती काढूनही टाकतो, आणि भाडेकरू कोण हे तोच ठरवतो. एकाच वस्तीवर अडून बसलात, तर महिनोन्‌महिने सर्व्हिस अपार्टमेंटचं भाडं भरत राहाल. त्यापेक्षा ऑफिसला नेणारी एक रेल्वे लाइन धरा, तिच्यावरची सहा-आठ स्टेशनं निवडा आणि त्या सगळ्यांच्या आसपास एकदम शोधा. मुंबईकराला हे समजावून सांगावं लागत नाही. तो आधी ‘वेस्टर्न की सेंट्रल’ विचारतो आणि मग स्टेशन.

सुरुवात ऑफिसच्या पूर्ण पत्त्यापासून करा. ऑफर लेटरवर ‘म्युनिक’ असलं तरी ऑफिस गार्शिंगला असू शकतं, ऊंटरफ्योरिंगला असू शकतं किंवा नॉयबिबेर्गला. गार्शिंग उत्तरेला, ऊ-बानच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, यू ६ लाइनच्या शेवटी. नॉयबिबेर्गचं इन्फिनिऑन या चिप कंपनीचं आवार दक्षिणेला, एस-बानच्या (उपनगरी लोकलच्या) एस ३ लाइनवरच्या फाझानेनपार्क स्टेशनजवळ. या दोन टोकांमध्ये सहज एक तास जातो. स्टुटगार्टचंही तेच: बॉशचं मुख्यालय गेरलिंगेनला, संशोधन केंद्र रेनिंगेनला, मर्सिडीजचा मोठा कारखाना झिंडेलफिंगेनला आणि पोर्शे त्सुफेनहाउझेनला. रेनिंगेनला काम असेल तर एस ६ आणि एस ६० या लाइन तुमच्या; लेओनबेर्ग, वाइल डेर श्टाट, ब्योब्लिंगेन ही नावं आधी बघा. स्टुटगार्ट शहराच्या मध्यभागी घर घेऊन रोज बाहेर जाण्यात फारसा अर्थ नाही. म्हणून एचआरला पत्ता, इमारत आणि आठवड्यातून किती दिवस हजेरी हे तिन्ही लेखी विचारून घ्या. दोन दिवसच जायचं असेल तर तासाभराचा प्रवास चालतो. पाच दिवस असेल तर दारापासून दारापर्यंत ४५ मिनिटांच्या वर जाऊ नका.

हा वेळ नकाशात मोजताना लोक रविवारी दुपारी मोजतात आणि फसतात. मंगळवार सकाळी आठला पोहोचायचं, असं टाकून बघा, मग संध्याकाळी साडेपाचचा परतीचा प्रवास बघा आणि शेवटी शनिवारी रात्री अकराचा. घर ते स्टेशन चालत किती, हे वेगळं लिहून ठेवा. बारा मिनिटांचं चालणं मे महिन्यात छान वाटतं, जानेवारीत बर्फाच्या चिखलातून बाबागाडी ढकलताना नाही. गाडी किती मिनिटांनी येते हेही बघा. म्युनिकच्या बाहेरच्या स्टेशनांवर एस-बान साधारण दर २० मिनिटांनी येते, म्हणजे एक चुकली की बदलायची पुढचीही चुकते. शिवाय म्युनिकच्या जवळजवळ सगळ्या एस-बान लाइन शहराखालच्या एकाच बोगद्यातून जातात. तिथे एक गाडी अडली की पूर्व-पश्चिम सगळं लटकतं. दुसऱ्या बोगद्याचं काम चालू आहे, पण त्याच्या भरवशावर आज घर घेऊ नका. ऊ-बानजवळचं घर थोडं महाग पडलं तरी परवडतं, ते यामुळे. स्टुटगार्टमध्ये नव्या भूमिगत मुख्य स्टेशनाच्या कामामुळे काही मार्ग आठवडेच्या आठवडे बंद राहतात, तेव्हा तिथे ट्राम आणि बस असा दुसरा रस्ता असलेलं स्टेशन निवडा.

पूर्वी ‘तिकिटाच्या कुठल्या झोनमध्ये घर?’ हा पैशांचा मोठा प्रश्न होता. २०२३च्या मे महिन्यात डॉइचलांटटिकेट हा देशभर चालणारा महिन्याचा पास ४९ युरोला सुरू झाला आणि झोनचा हिशेब संपला. आता तो ६३ युरोला मिळतो, आणि त्यावर देशभरच्या लोकल, ट्राम, बस आणि रिजनल गाड्या चालतात. आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्या नाहीत. त्यामुळे लाइनवर तीन स्टेशनं पुढे सरकलात तर पासाचे पैसे वाढत नाहीत, भाडं मात्र कमी होतं.

भाड्याचा हिशेब आपल्यापेक्षा वेगळा. जाहिरातीतला मोठा आकडा बहुतेकदा काल्टमिटे असतो, म्हणजे नुसत्या जागेचं भाडं. त्यावर हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई असं नेबेनकोस्टेन चढतं आणि वार्ममिटे तयार होते. वीज आणि इंटरनेट त्याच्याही बाहेर. म्युनिकमध्ये जाहिरातींतले दर चौरस मीटरला २० युरोच्या वर आहेत. म्हणजे ६० चौरस मीटरचं घर १,२०० युरो काल्ट. त्यात चौरस मीटरला साडेतीन युरो धरून २१० युरो नेबेनकोस्टेन, साधारण ६० युरो वीज, ४० युरो इंटरनेट आणि प्रत्येक घरानं द्यायचे १८.३६ युरो प्रसारण शुल्क. बेरीज १,५३० युरोच्या आसपास. काल्टमिटे हातात येणाऱ्या पगाराच्या एक तृतीयांशाच्या आत असावी, असं मालकही बघतात. तुमचा अर्ज कचऱ्यात जाणार की नाही हे बऱ्याचदा तिथेच ठरतं. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांची काल्टमिटे, इथे ३,६०० युरो. ते तीन मासिक हप्त्यांत भरायचा कायदेशीर हक्क भाडेकरूला आहे, हे बहुतेकांना माहीत नसतं.

‘दोन खोल्या’ म्हणजे तिथे एक हॉल आणि एक बेडरूम, म्हणजे आपला वन बीएचके. स्वयंपाकघर आणि बाथरूम मोजणीत धरत नाहीत. आणि स्वयंपाकघर खरोखर आहे का, हे विचाराच. कित्येक घरांत तिथे नळाचं पाइप आणि भिंतीतला वीजजोड यापलीकडे काही नसतं; ओटा, सिंक, कपाटं, शेगडी सगळं आपण आणायचं. जाहिरातीत ‘आइनबाउक्युशे’ लिहिलं असेल तर ते बसवलेलं आहे असं समजा, पण ते जुन्या भाडेकरूकडून विकत घ्यायचं आहे का हे विचारून घ्या.

मुलं असतील तर एवढ्यावर भागत नाही. खरं तर मूल आठ-नऊ वर्षांचं असेल तर ऑफिसच्याही आधी राज्य बघायला हवं, कारण शाळेचे नियम राज्यागणिक बदलतात. बव्हेरियात, म्हणजे म्युनिकमध्ये, प्राथमिक शाळा चौथीला संपते आणि गिम्नाझियमला, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या माध्यमिक शाळेत, जायला जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास मिळून सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली लागते (तिथे १ म्हणजे सर्वोत्तम). तिसरीत आलेल्या मुलाला वर्ष-दीड वर्षात जर्मन शिकून हे गाठायचं असतं. नव्यानं भाषा शिकणाऱ्यांना सवलती आहेत आणि पुढे शाळेचा प्रकार बदलायचे रस्तेही आहेत, पण घरातला ताण कमी होत नाही. बर्लिनमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत चालते, दोन वर्षं जास्त मिळतात. हेसेमध्ये, म्हणजे फ्रँकफर्टला, शिक्षकांची शिफारस असते, पण शेवटचा शब्द आईबाबांचा. कंपनीची दोन ठिकाणी जागा असेल आणि मूल दुसरी-तिसरीत असेल, तर पगारातल्या थोड्या फरकापेक्षा हा मुद्दा जड आहे. बव्हेरियात सरकारी प्राथमिक शाळा पत्त्यावरून ठरते; रस्त्याच्या या बाजूला एक, पलीकडे दुसरी. करारावर सही करण्याआधी नगरपालिकेच्या साइटवर घराच्या पत्त्याची शाळा शोधा.

पाळणाघराचं वेगळंच. मूल एक वर्षाचं झालं की जागेचा कायदेशीर हक्क मिळतो, जागा मिळतेच असं नाही. बर्लिनमध्ये त्याची फी राज्य सरकार भरतं, जेवणाचे पैसे तेवढे द्यावे लागतात. म्युनिकच्या आसपासच्या गावांत फी गावागणिक बदलते आणि गावात नोंदलेल्या मुलांना आधी घेतात. लहान मूल असेल तर घर बघायला जाताना त्या गावच्या किटाला, म्हणजे पाळणाघराला, फोन करून ‘सप्टेंबरला जागा आहे का’ एवढं विचारा. पाळणाघराचं वर्ष सप्टेंबरच्या आसपास सुरू होतं. फेब्रुवारीत पोहोचलेल्यांना बहुधा थांबावं लागतं.

शहर निवडायचं स्वातंत्र्य असेल, तर घरात नोकरी शोधणारं दुसरं कोण आहे ते बघा. आयकराचा कायदा सगळ्या देशाला एकच, त्यामुळे तेवढ्याच पगाराचे हातात साधारण तेवढेच येतात, मग लाइपझिगचं निम्मं भाडं मोहात पाडतं. पण इंग्रजीवर चालणाऱ्या नोकऱ्या तिथे म्युनिक-बर्लिनपेक्षा खूपच कमी. वोल्फ्सबुर्ग तर फोक्सवागनचंच गाव. दुसऱ्याला नोकरी हवी असेल तर ब्राउनश्वाइगला राहून रिजनल गाडीनं ये-जा करणं शहाणपणाचं. मुंबईची थेट विमानं फ्रँकफर्ट आणि म्युनिकहून आहेत, स्टुटगार्टहून नाहीत. वयस्कर आईबाबा दरवर्षी येणार असतील तर एवढ्या गोष्टीनंही पारडं झुकतं.

आता वस्तीकडे. फ्रँकफर्टच्या बानहोफ्सफिअर्टेलमध्ये, म्हणजे मुख्य स्टेशनाजवळच्या भागात, भारतीय किराणा मिळतो, पण उघड्यावर चालणारे अमली पदार्थांचे व्यवहारही तिथेच आहेत. तूरडाळ आणायला जा, राहायला नको. झाक्सेनहाउझेन, नीडरराड, ओफेनबाख आणि फ्ल्योर्सहाइम इथल्या बऱ्याच भागांवरून विमानं खाली येतात. रात्री ११ ते पहाटे ५ उड्डाणबंदी आहे, पण पाच वाजून गेले की झोप विमानाच्या वेळापत्रकानं मोडते. असं घर बघायला पश्चिमेचा वारा असताना आणि पूर्वेचा वारा असताना, दोन्ही वेळा जायला हवं, कारण विमानांची दिशा वाऱ्यानुसार बदलते. लहान गावांत चर्चच्या घंटेचं अंतर बघा; दर पंधरा मिनिटांनी वाजणारी घंटा जाहिरातीत लिहीत नाहीत.

घर बघताना मालकानं ऊर्जा प्रमाणपत्र दाखवलंच पाहिजे. ए-प्लसपासून एचपर्यंतची श्रेणी त्यावर असते. जी किंवा एच असेल तर नेबेनकोस्टेनचा सांगितलेला आकडा वर्षअखेरीला वाढीव बिल होऊन येतो. खिडक्यांच्या कोपऱ्यांत काळे डाग, म्हणजे बुरशी, आहे का ते बोट फिरवून बघा. आपल्याकडे रोज शिजतं, फोडणी होते, कपडे घरात वाळतात. ज्या घरात स्वयंपाकघराला खिडकी नाही आणि धूर बाहेर नेणारी चिमणी नाही, तिथे पहिल्याच हिवाळ्यात भिंत ओली होते आणि खर्च डिपॉझिटमधून जातो. रात्री दहानंतर आणि रविवारी दिवसभर शांतता पाळायची असते, त्यामुळे पातळ भिंतींच्या जुन्या इमारतीत मिक्सरचा आवाज तक्रार बनतो.

भारतातून व्हिडिओवर बघून डिपॉझिट पाठवू नका. ‘मी परदेशात आहे, किल्ली पोस्टानं पाठवतो’ असं म्हणणारा मालक ठगच असतो. आधी दोन-तीन महिन्यांसाठी सामानसुमानासह घर घ्या, पण त्यात आनमेल्डुंग (पत्त्याची नोंदणी) होणार का हे लेखी घ्या. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ही नोंदणी करायची असते आणि त्यासाठी मालकाच्या सहीचा कागद लागतो. तो नसेल तर कर क्रमांक अडतो, क्रमांकाशिवाय पगारातून जास्त कर कापला जातो. आणखी एक खुबी: तुमची व्हिसाची फाइल पत्त्याप्रमाणे चालते. म्युनिक शहराचं कार्यालय वेगळं, गार्शिंग-नॉयबिबेर्ग ज्यात येतात त्या जिल्ह्याचं वेगळं. रहिवास परवान्याचा अर्ज प्रलंबित असताना हद्द ओलांडून राहायला गेलात तर फाइलही हलते आणि काम लांबतं. कार्ड हातात आल्यावर मग हद्द बदला.

कायम घराच्या करारात ‘क्युंडिगुंग्सफेरत्सिश्ट’ (Kündigungsverzicht), म्हणजे नोटीस द्यायचा हक्क सोडणं, हा शब्द शोधा. साध्या कराराला भाडेकरूनं तीन महिन्यांची नोटीस द्यायची असते, आणि ती महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पोहोचली तरच तो महिना मोजला जातो. हा शब्द असेल तर ठरलेली मुदत, बहुधा एक-दोन वर्षं, संपेपर्यंत घर सोडताच येत नाही. नोकरीचा प्रोबेशन काळ मात्र बहुधा सहा महिन्यांचा असतो; तेवढ्यात नोकरी गेली तर घर गळ्यात राहतं. मालकाला हे सरळ सांगा. बरेच जण मुदत एक वर्षावर आणतात, काही जण दुसरा भाडेकरू आणून दिल्यास सोडायला तयार होतात, पण जे ठरेल ते करारात लिहून घ्या.