पीसीआय एक्सप्रेसची पिढी पाहून खरेदी करताना या चुका टाळा

ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडी ज्या मार्गाने प्रोसेसरशी जोडलेली असतात, त्या पीसीआय एक्सप्रेसचा वेग जवळजवळ प्रत्येक पिढीत दुप्पट होत आला आहे. २००३ च्या पहिल्या पिढीत एका लेनमधून (माहिती नेणाऱ्या एका मार्गिकेतून) एका दिशेने सेकंदाला २५० एमबी माहिती जात असे. २०१० च्या तिसऱ्या पिढीत हा आकडा सुमारे ९८५ एमबी झाला, २०१७ च्या चौथ्या पिढीत जवळजवळ २ जीबी आणि २०१९ च्या पाचव्या पिढीत जवळजवळ ४ जीबी. सहाव्या पिढीचे मानक जानेवारी २०२२ मध्ये आणि सातव्याचे जून २०२५ मध्ये जाहीर झाले. घरगुती बाजारात मात्र पाचवीचीच नवलाई अजून ओसरलेली नाही. एवढ्या वेगाचे घरातल्या पीसीला काय काम, असा प्रश्न पडणे साहजिकच आहे.

१६ लेनच्या स्लॉटपुरते बोलायचे, तर आज खरोखरच काही काम नाही. पाचव्या पिढीच्या १६ लेन एका दिशेने सेकंदाला सुमारे ६३ जीबी माहिती नेऊ शकतात, आणि दोन चॅनेलची डीडीआर४-३२०० रॅम कागदावरदेखील ५१.२ जीबीच्या पुढे जात नाही. म्हणजे पुरवठा करणाऱ्या अशा रॅमपेक्षा वाहून नेणारा रस्ताच रुंद झाला आहे. ही घाई मुख्यतः सर्व्हरसाठी आहे. ४०० गिगाबिटच्या नेटवर्क कार्डाला सेकंदाला ५० जीबी लागतात, ते चौथ्या पिढीच्या १६ लेनमध्ये मावत नाहीत. ८०० गिगाबिटचे कार्ड आले की पाचवी पिढीही अपुरी पडते. पण म्हणून घरगुती ग्राहकाने पिढीकडे पाहूच नये, असा निष्कर्ष काढणेही चुकीचे ठरेल, कारण याच वाढीव वेगाच्या भरवशावर उत्पादक स्वस्त कार्डांतल्या लेन कमी करू लागले आहेत आणि त्याचा फटका जुना मदरबोर्ड (पुढे नुसते बोर्ड) वापरणाऱ्याला बसतो.

चूक पहिली: पिढी पाहणे, पण लेन न मोजणे

जानेवारी २०२२ मध्ये आलेले एएमडीचे आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड याचे उत्तम उदाहरण आहे. त्याची लांबी आणि खालची पट्टी पाहून ते १६ लेनचे वाटते, पण प्रत्यक्षात त्यात फक्त ४ लेन जोडलेल्या आहेत. चौथ्या पिढीच्या बोर्डावर या ४ लेन सेकंदाला जेमतेम ८ जीबी देतात, आणि तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर त्याच्या निम्मेच. त्यातच कार्डावरची मेमरी ४ जीबी आहे. खेळाला त्याहून जास्त जागा लागली की उरलेले टेक्श्चर (दृश्यातल्या वस्तूंवर चढवायची चित्रे) मुख्य रॅममधून या अरुंद वाटेने आणावे लागतात. कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला १४४ जीबी देत असताना अचानक ४ जीबीच्या वाटेवर अडकल्यावर खेळ अडखळणारच. गंमत अशी, की स्वस्त कार्ड घेणाऱ्याचा बोर्ड बहुधा जुनाच असतो, म्हणजे ज्याला या काटकसरीचा त्रास होणार नेमका तोच हे कार्ड विकत घेतो. याउलट आरटीएक्स ४०९० सारखे महागडे कार्ड पूर्ण १६ लेनचे असल्यामुळे तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये बसवले, तरी बहुतेक खेळांत काही टक्क्यांपलीकडे फरक पडत नाही.

म्हणून कार्ड घेण्यापूर्वी त्याच्या तपशिलात लेनची संख्या पाहावी. आरटीएक्स ४०६० आणि आरएक्स ६६०० ही कार्डे ८ लेनची आहेत. तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर ती चालतात, मात्र मेमरी भरल्यावर फरक जाणवू शकतो. मेमरी जितकी कमी, तितका हा मुद्दा महत्त्वाचा.

येथे प्रोसेसरही फसवतो. एएमडी प्रोसेसरसाठीच्या बी५५० बोर्डाच्या खोक्यावर चौथी पिढी लिहिलेली असते, पण त्यावर रायझेन ५ ५६००जी बसवला तर ग्राफिक्स कार्डाला तिसरीच पिढी मिळते, कारण त्या लेन प्रोसेसरमधून निघतात आणि या प्रोसेसरची मर्यादाच तेवढी आहे. नावात केवळ ‘जी’ नसलेला ५६०० घेतला असता तर चौथी पिढी मिळाली असती. रायझेन ५ ८५००जी तर ग्राफिक्स कार्डासाठी चौथ्या पिढीच्या फक्त ४ लेन देतो. पुढे वेगळे कार्ड टाकायचा विचार असेल, तर अशा प्रोसेसरवर पैसे घालण्याआधी हे तपासावे.

कार्ड चुकीच्या स्लॉटमध्ये बसवणे हाही याच चुकीचा एक प्रकार. बोर्डावर दोन लांब स्लॉट असले तरी खालच्यात बहुधा ४ च लेन असतात, आणि त्याही थेट प्रोसेसरमधून नव्हे, तर बोर्डावरच्या चिपसेट या मधल्या चिपमार्गे येतात. टॉर्च धरून स्लॉटच्या आत पाहिले तर अनेक बोर्डांवर हे डोळ्यांनीच कळते: धातूचे संपर्कबिंदू पाव लांबीपर्यंतच असतात आणि पुढे नुसते रिकामे प्लास्टिक. ग्राफिक्स कार्ड नेहमी प्रोसेसरला सर्वांत जवळच्या लांब स्लॉटमध्ये बसवावे.

चूक दुसरी: शांत बसलेल्या कार्डाचा आकडा पाहून घाबरणे

ग्राफिक्स कार्डाची माहिती दाखवणारे जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर उघडल्यावर बस इंटरफेसच्या रकान्यात ‘एक्स१६ ४.०’ आणि त्यापुढे ‘एक्स१६ १.१’ असे दिसते, आणि कार्ड बिघडले असे समजून लोक दुकान गाठतात. पहिला आकडा क्षमतेचा आणि दुसरा त्या क्षणीचा असतो. काम नसताना वीज वाचवण्यासाठी कार्ड स्वतःच खालच्या वेगावर उतरते. त्या रकान्याशेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून चाचणी सुरू केली की दुसरा आकडा वर चढायला हवा. पिढी चढली पण लेन १६ ऐवजी ८ किंवा ४ वरच राहिल्या, तरच काळजीचे कारण आहे. अर्थात कार्ड मुळातच तेवढ्या लेनचे असेल किंवा त्या लेन एखाद्या एसएसडीने घेतल्या असतील, तर बिघाड शोधण्यात अर्थ नाही. तसे नसेल तर पीसी बंद करून कार्ड काढावे, पट्टीवरचे सोनेरी संपर्क आणि स्लॉट स्वच्छ करावा आणि खटका बसेपर्यंत कार्ड दाबून पुन्हा बसवावे. लिनक्सवर एलएसपीसीआय या आज्ञेच्या तपशीलवार उत्तरात क्षमता आणि सद्यस्थिती दोन वेगळ्या ओळींत मिळते.

चूक तिसरी: पाचव्या पिढीच्या एसएसडीकडून भलतीच अपेक्षा

खोक्यावर छापलेला १४,००० एमबीचा आकडा एकाच मोठ्या फाइलच्या सलग वाचनाचा असतो. विंडोज सुरू होणे किंवा एखादा प्रोग्राम उघडणे म्हणजे असंख्य छोटे तुकडे वाचणे, आणि तेथे वेग मार्गावर नसून फ्लॅश चिपच्या प्रतिसादावर ठरतो. चार केबीचा एक तुकडा मिळायला ५० मायक्रोसेकंद धरले आणि तुकडे एकामागून एक मागितले, तर सेकंदाला २०,००० तुकडे, म्हणजे फार तर ८० एमबी होतात. मग स्लॉट तिसऱ्या पिढीचा असो की पाचव्या. लग्नाचे २०० जीबी फोटो यूएसबीवरच्या हार्ड डिस्कवरून घ्यायचे आणि ती डिस्क १२० एमबीच देत असेल, तर जवळजवळ अर्धा तास लागणारच. तेवढे पैसे रॅममध्ये किंवा दुप्पट क्षमतेच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या एसएसडीत घालणे मला जास्त शहाणपणाचे वाटते. ८के व्हिडिओच्या प्रचंड फाइली रोज इकडून तिकडे हलवणाऱ्याची गोष्ट वेगळी.

पाचव्या पिढीच्या एसएसडी तापतातही भरपूर. हीटसिंक (उष्णता शोषणारी धातूची पट्टी) न लावता त्या चालवल्या तर मोठी फाइल उतरवताना काही वेळातच वेग कोसळतो, आणि बाहेर ४५ अंश असताना नागपूर-चंद्रपूरच्या बंद खोलीतल्या कॅबिनेटमध्ये तर आणखी लवकर. वेग कमी मिळत असल्याची तक्रार आली की मी आधी हीटसिंक उघडून पाहतो, कारण उष्णता हीटसिंककडे नेणाऱ्या थर्मल पॅडवरचा पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा काढायचा राहून गेलेला अनेकदा सापडतो.

आणखी एक गोष्ट: इंटेल कोअरच्या १२व्या ते १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये पाचव्या पिढीच्या १६ च लेन असतात. अशा बोर्डावरच्या पाचव्या पिढीच्या एम.२ (एसएसडी बसवायच्या छोट्या) स्लॉटमध्ये एसएसडी घातली की ग्राफिक्स कार्ड ८ लेनवर येते. शेजारच्या चौथ्या पिढीच्या स्लॉटमध्ये ती बसवली तर कार्डाच्या लेन शाबूत राहतात. काही बोर्डांवर विशिष्ट एम.२ स्लॉट वापरल्यास हार्ड डिस्क जोडायचे दोन सॅटा पोर्ट बंद होतात आणि जुनी हार्ड डिस्क ‘गायब’ होते. मॅन्युअलमधला तक्ता पाहिल्यास हा उलगडा दोन मिनिटांत होतो.

चूक चौथी: रायझर केबल विसरणे

माझ्या एका मित्राने कार्ड उभे दिसावे म्हणून स्लॉट आणि कार्ड यांना जोडणारी रायझर केबल वापरली होती. खेळ सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांत पडदा काळा पडे. दुकानदाराने एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) बदलायला लावला, तरी तेच. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये पाहिले तर हार्डवेअरच्या चुका नोंदवणाऱ्या डब्ल्यूएचईए-लॉगरच्या १७ क्रमांकाच्या नोंदींची रांग लागलेली होती आणि प्रत्येक नोंदीत पीसीआय एक्सप्रेस रूट पोर्टचा उल्लेख होता. केबल तिसऱ्या पिढीची होती, आणि कार्ड व बोर्ड चौथ्या. दोन्ही टोके एकमेकांशी बोलून वेग ठरवतात. मधल्या केबलला त्या बोलणीत मतच नसते, त्यामुळे तिला न झेपणारा वेग ठरतो आणि मग चुका होत राहतात. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) त्या स्लॉटची सेटिंग ‘ऑटो’वरून ‘जेन ३’ (तिसरी पिढी) केली आणि त्रास थांबला. कार्ड १६ लेनचे असल्यामुळे खेळातल्या फ्रेम पूर्वीइतक्याच राहिल्या.

बोर्ड बदलण्याच्या विचारात असलेल्यांना हीच सेटिंग फुकटातली चाचणी म्हणून वापरता येते. आज चौथ्या पिढीवर चालणारे आपले कार्ड बायोसमधून तिसरीवर आणावे, नेहमीचाच खेळ नेहमीच्याच सेटिंगवर अर्धा तास खेळावा आणि फ्रेमचे आकडे लिहून ठेवावेत. वेग निम्मा करूनही आकडे हलले नाहीत, तर सध्याच्या कार्डासाठी तो दुप्पट करणारा नवा बोर्ड घेण्याची गरज नाही. सेटिंग पुन्हा ‘ऑटो’वर न्यायला मात्र विसरू नये.