वृत्तस्टुडिओचा जुना सेट नव्याने उभारताना

पुण्यातील छोट्या वृत्तस्टुडिओचा सेट बदलायचा असेल, तर भवानी पेठेतील टिंबर मार्केटमधून प्लाय आणण्याआधी कॅमेऱ्यांच्या जागा ठरवाव्यात. निवेदकाचे टेबल व मागची भिंत यांत निदान दोन मीटर अंतर राखावे, म्हणजे निवेदकावरचा प्रकाश मागे सांडत नाही आणि पार्श्वभूमी किंचित धूसर राहते.

खरी कसोटी एलईडी भिंतीची, म्हणजे निवेदकामागे पॅनेल जोडून केलेल्या मोठ्या पडद्याची. तिच्या दिव्यांची रचना आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरची जाळी एकमेकांत गुंतली की चित्रात लाटांसारखे पट्टे उमटतात. म्हणून पॅनेल विकत घेण्याआधी आपल्याच कॅमेऱ्याने, नेहमीच्या अंतरावरून चाचणी घ्यावी. आपल्याकडील वीज 50 हर्ट्झची असल्याने शटर 1/50 सेकंदावर ठेवल्यास दिव्यांची लुकलुक बहुधा टळते. स्टुडिओचे दिवे 5600 केल्विनचे (म्हणजे दिवसाच्या उजेडासारख्या पांढऱ्या छटेचे) असतील, तर एलईडी भिंतीवरचा पांढरा रंगही त्याच्याशी जुळवावा; तेजस्विता मात्र कमीच बरी. शनिवारवाड्याचे छायाचित्र मागे लावण्याचा मोह पुण्यात सर्वांनाच होतो, पण वाड्याच्या दिल्ली दरवाजाचे अणकुचीदार खिळे निवेदकाच्या डोक्यातून उगवल्यासारखे दिसू शकतात.

सेटला रंग मॅट, म्हणजे न चमकणारा, वापरावा. बोधचिन्ह व शीर्षके सुट्या फळ्यांवर घ्यावीत, म्हणजे निवडणूक निकालाच्या दिवसासाठी अख्खा सेट मोडावा लागत नाही.